न केलेल्या कर्माचा दोष

गेल्या मार्गशीर्षात घनसावंगी तालुक्यातील एक गृहस्थ आमच्याकडे आले होते. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे ते थोरले बंधू. पाच-सहा एकर जमीन, कापूस व तूर ही पिके, आणि आठ वर्षांची एक मुलगी. शाळेत तपासणीस आलेल्या डॉक्टरांनी तिच्या छातीस नळी लावली आणि आतून येणाऱ्या आवाजावरून हृदयात जन्मजात छिद्र असावे असा संशय घेतला. पुढे शहरात तपासणी होऊन तो खरा ठरला. शस्त्रक्रियेस मुंबईस जावे लागेल, खर्च सरकार सोशील, असे त्यांस सांगण्यात आले होते. कागद आमच्यापुढे ठेवून ते म्हणाले, "सर, पोरगी चांगली पळती-खेळती आहे. चांगल्या लेकराला आपल्या हातानं सुरीखाली कसं द्यावं? न्हाई उठली तर?"

नीतिशास्त्र शिकविण्यात आमची पंचवीसांहून अधिक वर्षे गेली आहेत. तथापि हा प्रश्न इतक्या उघड्या स्वरूपात कोणाही परीक्षकाने आम्हांस कधी विचारला नव्हता.

प्रथम व्याधीचे स्वरूप सांगितले पाहिजे, कारण सगळा नैतिक पेच त्यातच आहे. हृदयाच्या डाव्या कप्प्यातून शुद्ध रक्त महाधमनीत चढते, आणि ते मागे फिरू नये म्हणून तिच्या मुखाशी तीन पाकळ्यांची एक झडप असते. या मुलीचे छिद्र त्या झडपेच्या अगदी खाली होते. अशा ठिकाणी पाकळीस खालून आधार राहत नाही; छिद्रातून जाणाऱ्या रक्ताचा झोत तिला ओढीत राहतो आणि वर्षानुवर्षे ती हळूहळू छिद्रात ओघळते. मौज अशी, की ओघळलेल्या पाकळीने छिद्र अंशतः बुजते आणि मूल सुधारल्यासारखे दिसते! पण तिकडे झडप नीट मिटेनाशी होते, रक्त उलटे हृदयात परतू लागते, आणि तो वाढता भार हृदय मुकाट्याने वाहत राहते. म्हणजे बापास जी सुधारणा वाटते तीच बिघाडाची खूण असू शकते.

वेळीच छिद्रास ठिगळ लावले तर झडप बहुधा वाचते. पाकळी थोडी ओघळली असली तरी टाके घालून तिला उचलून धरता येते. टोरांटो येथील ट्रसलर यांनी 1973 साली प्रसिद्ध केलेली पद्धत याच जातीची. पाकळी विरूप झाली, की मात्र झडपच बदलावी लागते. धातूची झडप टिकाऊ खरी (1990 पासून तिरुवनंतपुरमच्या संस्थेने बनविलेली स्वदेशी झडपही वापरात आहे), परंतु ती मुलाबरोबर वाढत नाही. शिवाय रक्त गोठू नये म्हणून जन्मभर औषध घ्यावे लागते, त्यासाठी वारंवार रक्त तपासावे लागते, आणि मुलगी उद्या आई होऊ म्हणेल तेव्हा तेच औषध गर्भास अपायकारक ठरू शकते. 1967 साली लंडनच्या डोनाल्ड रॉस यांनी रोग्याचीच फुप्फुसधमनीची झडप काढून महाधमनीच्या जागी बसविली. ती वाढते, पण एका झडपेच्या दुखण्यापायी दोन झडपा पणास लागतात.

आता पेच पाहा. मुलगी शस्त्रक्रियेत दगावली तर बाप म्हणेल, 'मी मारली.' तीच पंचविशीत धाप लागून गेली तर म्हणेल, 'दैवाने नेली.' करणे आणि होऊ देणे यांतील हा भेद निराधार नव्हे. तो नसता तर जगातील प्रत्येक उपासमारीबद्दल आपणा सर्वांस फासावर जावे लागले असते! परंतु परक्याच्या बाबतीत योग्य असलेला हा भेद रक्षणाचा भार पत्करलेल्यास लागू पडतो काय? जायकवाडीचा डावा कालवा याच तालुक्यांतून जातो. कालव्याच्या भरावास पडलेली चीर पाटकऱ्याने पाहिली आणि तो घरी जाऊन निजला, तर 'गाव पाण्याने बुडविले, मी नव्हे' असे त्यास म्हणता येणार नाही. चीर दिसेपर्यंत तो निर्दोष होता. डॉक्टरांच्या नळीने या बापास चीर दाखविली आहे, आणि एकदा झालेले ज्ञान परत पाठविता येत नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. थांबणे म्हणजे प्रत्येक वेळी भ्याडपणा नव्हे. झडप जन्मतः किंचित अरुंद असेल तर डॉक्टरच वर्षे वर्षे थांबतात. पण ते पाहत थांबतात, ठरावीक काळाने तपासणी करतात. आपण ज्यास थांबणे म्हणतो ते पुष्कळदा विसरणे असते.

येथे आम्हांस मिनेसोटातील एक हकीकत आठवते. 26 मार्च 1954 रोजी वॉल्टन लिलेहाय यांनी वर्षभराच्या एका मुलाच्या हृदयातील छिद्र बुजविले. हृदय उघडे असताना त्या मुलाचे रक्त शुद्ध करण्याचे काम कोणत्याही यंत्राने केले नाही. शेजारच्या मेजावर निजलेल्या त्याच्या बापाच्या हृदय-फुप्फुसांनी ते केले. याच व्याधीने त्या दांपत्याची एक मुलगी आधी गेली होती. एका शस्त्रक्रियेत दोन मृत्यू संभवतात, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. शस्त्रक्रिया साधली, पण अकराव्या दिवशी ते मूल न्यूमोनियाने गेले. या रीतीने पुढे एकंदर 45 रोगी झाले, त्यांपैकी 28 बरे होऊन घरी गेले. रक्त देणारांपैकी कोणी मेले नाही, पण एका आईच्या मेंदूस कायमची इजा झाली. त्या पहिल्या बापास कोणी मूर्ख म्हणेल काय? आम्हांस तसे म्हणवत नाही. आज हे काम यंत्र करते, आणि घनसावंगीच्या बापास केवळ सही करावयाची आहे. तरीही त्याची सही हलकी आहे असे आम्हांस वाटत नाही. मिनेसोटाचा बाप निदान मुलाशेजारी निजला होता.

आणखी एक गोष्ट मनात घोळत राहते. 2013 साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला आणि अंगणवाडी-शाळांतून मुलांची तपासणी होऊ लागली. त्यापूर्वी अशा बापास बहुधा व्याधी कळतच नसे. कळली तर पैसा नसे. दारिद्र्याने त्याची निर्णयातून सुटका केलेली होती. आज सरकार खर्च उचलते, म्हणून पहिल्यानेच तो संपन्न माणसाप्रमाणे कर्ता झाला आहे, आणि कर्तेपणाचे ओझे त्याला पेलवत नाही. त्याला अडाणी म्हणणाऱ्या आमच्या सुशिक्षित स्नेह्यांनी हे ध्यानात घ्यावे. कापसाच्या वेचणीत चारशे किलोमीटरांवर जाऊन राहणे, बुडालेली मजुरी, परक्या शहरातील बोली, ही ओझी कोणत्याही योजनेच्या कागदावर नसतात.

'करा' असे आम्ही त्यांस सांगितले नाही. तो अधिकार आमचा नव्हे. इतकेच विचारले, की मुलगी वीस वर्षांची होऊन 'तेव्हा का नाही केलेत?' असे म्हणाली तर तिला काय सांगाल? ते पुष्कळ वेळ गप्प बसले. मग आम्ही विचारले, "तिच्या आईचे काय म्हणणे आहे?"

आईस अजून कोणी विचारलेच नव्हते. कागदही तिने पाहिले नव्हते.

ते उठले, कागद पिशवीत घातले आणि शेवटची एस.टी. गाठण्यासाठी निघाले. आठ दिवसांनी आमच्या विद्यार्थ्याचा फोन आला. वहिनींनी सर्व ऐकून घेतले, झडप बदलण्याची पाळी किती वर्षांनी येऊ शकते ते त्याच्याकडून दोनदा समजावून घेतले, आणि उरलेली वेचणी बटाईने देऊन टाकण्यास नवऱ्यास सांगितले. माघात त्यांस मुंबईची तारीख मिळाली आहे.