एका फ्रेमला एकच

जुन्या वळणाचे छोटे व्हिडिओ गेम फावल्या वेळात आपणच रचावेत, ही इच्छा माझ्या मनात उत्पन्न झाली तेव्हा तिच्या मुळाशी स्मरणरंजनापलीकडे फारसे काही नव्हते, हे कबूल केले पाहिजे. ठसठशीत चौकोनांची चित्रे, मोजके रंग आणि पिपाणीसारखा आवाज एवढा सरंजाम जमवला की कॅसेट फुंकून यंत्रात बसवण्याची ती उन्हाळ्याच्या सुटीतली दुपार परत येईल, असा माझा समज होता.

त्या समजुतीने मी प्रथम ‘स्पेस इन्व्हेडर्स’ची नक्कल हाती घेतली. चित्र हुबेहूब उतरले, पण खेळ निर्जीव वाटे. कारण शोधता शोधता १९७८ सालच्या मूळ यंत्राची रीत कळली. तोमोहिरो निशिकादो यांच्या त्या खेळात शत्रूंच्या अकरा-अकराच्या पाच रांगा, म्हणजे एकूण ५५ आकृती असतात. परंतु यंत्राची शक्ती इतकी तोकडी की एका फ्रेममध्ये, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागात, त्यांपैकी एकच आकृती पुढे सरके. साहजिकच सगळ्या फौजेला एक पाऊल टाकायला जवळजवळ एक सेकंद लागे, आणि फौज जसजशी घटे तसतसा तो अवधी आखडत जाऊन अखेरचा एकटा उरलेला शत्रू प्रत्येक फ्रेमला धावत सुटे. खेळातली सारी धास्ती यंत्राच्या दारिद्र्यातून जन्मलेली होती. माझा संगणक पंचावन्नही आकृती एकाच क्षणी हलवीत होता आणि तिथेच खेळाचा प्राण जात होता. ‘एका फ्रेमला एकच’ हा नियम मी हाताने लिहिला. त्या रात्री शेवटचा शत्रू खाली उतरला तेव्हा माझा अंगठा खरोखर घामेजला.

मर्यादेकडे पाहण्याची दृष्टी पालटली ती तेव्हापासून, आणि मी ‘पिको-८’कडे वळलो. कधीच अस्तित्वात नसलेल्या जुन्या यंत्राची ही कल्पित प्रतिमा: १२८ गुणिले १२८ बिंदूंचा पडदा, १६ रंग आणि संपूर्ण खेळ ३२ किलोबाइटांत मावला पाहिजे, हा दंडक. ‘सेलेस्ट’ या गाजलेल्या खेळाचा पहिला खर्डा मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी याच चौकटीत, २०१५ साली, चार दिवसांत उभा केला. माझ्या खेळातल्या पोस्टमनचा चेहरा मात्र ६४ घरांत काही केल्या बसेना. आयुष्यभर दसुतीवर भरतकाम केलेल्या आईने पडद्याकडे क्षणभर पाहिले आणि म्हणाली, ‘‘डोळ्याचा ठिपका एक घर पुढे घे आणि नाक काढून टाक.’’ पोस्टमन उजवीकडे पाहू लागला.

जुन्याशी निष्ठा कुठवर राखावी, याचे तारतम्य मला उशिरा आले. कड्यावरून उडी मारताना खेळणाऱ्याचा हात पापणी लवण्याइतका मागे राहतो, आणि जुने अनेक खेळ त्याला निर्दयपणे खाली लोटत. मीही प्रथम तेच इमानेइतबारे केले; पण माझी नऊ वर्षांची भाची ‘‘मी दाबलं होतं, मामा!’’ असे कळवळून म्हणाली, आणि तिचे म्हणणे खरे होते. आता जमीन सुटल्यावरही मी सहा फ्रेमची, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागाची मुदत देतो. ती कोणाच्या ध्यानातही येत नाही. आजच्या रचनाकारांत ही सवलत सर्रास रूढ आहे, आणि जुन्या खेळांतली धास्ती जपावी, अन्याय जपू नये, हा विवेक मला तिच्यात दिसतो.

तूर्त पोस्टमनचा खेळ पिको-८च्या ८,१९२ टोकनांच्या, म्हणजे आज्ञावलीतल्या शब्द-चिन्हांच्या, मर्यादेला टेकला आहे. त्यात पाऊस हवा, हा भाचीचा हट्ट मलाही पटतो. त्यासाठी कुठली तरी एक गल्ली, बहुधा नदीकाठची, काढून टाकावी लागेल.