लेखकाचा नेम

लेखन हे स्फूर्तीचे कार्य आहे, ते घड्याळाच्या काट्यावर होऊ शकत नाही, असे मानणारा मोठा वर्ग आपल्यात आहे. नेमाने लिहिणारा मनुष्य त्याच्या दृष्टीने लेखक नव्हे, कारकून होय. आम्ही स्वतः केंद्र सरकारचे कारकूनच असल्यामुळे या आक्षेपाचा विचार करण्याचा थोडासा अधिकार आम्हांस पोहोचतो.

इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप हा १८३४ साली टपालखात्यात कारकून म्हणून लागला आणि १८६७ पर्यंत त्याच खात्याच्या नोकरीत होता. पहाटे साडेपाचला तो लिहावयास बसे. समोर घड्याळ ठेवी आणि दर पाव तासाला अडीचशे शब्द असा हिशेब राखी. हा हिशेब त्याने आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितला. ते त्याच्या मृत्यूनंतर, १८८३ मध्ये, प्रसिद्ध झाले आणि अनेक रसिकांचे मन विटले. परंतु कादंबऱ्या तर त्याच होत्या! घड्याळ ठाऊक नव्हते तोवर ते कोणास पानात दिसले नव्हते. म्हणजे दुखावली गेली ती कलाकृती नव्हे. कलावंताविषयीची आपली कल्पना दुखावली गेली.

दूर कशाला जावे? विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जानेवारी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली, तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते आणि सरकारी शाळेत शिक्षक होते. मालेचे ८४ अंक निघाले. त्यांतील बहुतेक मजकूर एकट्या शास्त्रीबोवांचा. १८८२ मध्ये, वयाची बत्तीस वर्षेही पुरी होण्याआधी, ते निवर्तले. एवढ्या अल्प आयुष्यात मराठी निबंधास जे बळ आले, ते केवळ बुद्धिमत्तेचे फळ म्हणता येणार नाही. पुढचा अंक द्यावयाचा आहे, ही जाणीव असली की विचार अर्ध्यावर सोडून देण्याची सोय राहत नाही.

येथवर ठीक, पण खरा नैतिक प्रश्न पुढेच आहे. ज्या दिवशी सांगण्यासारखे काहीच नाही, त्या दिवशी लेखकाने काय करावे? नेम पाळण्यासाठी कागद भरला, तर त्या पाट्या टाकणेच होय. आणि असा कागद वाचकाच्या हाती देणे ही त्याची फसवणूक नव्हे काय?

आमच्या मते येथे दोन कर्तव्ये वेगळी केली पाहिजेत. लिहिणे हे लेखकाचे स्वतःशी असलेले कर्तव्य आहे, आणि प्रसिद्ध करणे हे वाचकाशी. गवई रोज रियाज करतो, मैफल रोज करीत नाही. रियाजातला बेसूर हा दोष नसून शिक्षण आहे. मैफलीतला मात्र श्रोत्यांचा अपमान आहे. तेव्हा लिहावे रोज, छापावे पिकलेले तेवढेच. ज्याने नियतकालिकाची तारीख पत्करली आहे, त्याने दोन तारखांच्या मध्ये वाचन-चिंतनाची भर घालावी. तेही न साधल्यास तारीख चुकवावी, पण खोटे नाणे चालवू नये.

कचेरीत फाइल आमच्या लहरीसाठी थांबत नाही, हा तिचा गुण. परंतु तेथे टिपण लिहिताना कारकुनाने आपले मत बाजूस ठेवावे, अशीच अपेक्षा असते. साहित्यात प्रत्येक वाक्याखाली लेखकाची स्वतःची सही असते. म्हणून कचेरीकडून वेळेची शिस्त अवश्य घ्यावी. मताची अलिप्तता तेवढी घेऊ नये.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आम्हां मंडळींना तर या नेमाचे आणखी एक कारण आहे. दिवसभर कानावर हिंदी, फायलींत इंग्रजी. मराठी उरते ती घरापुरती. मीठ-भाकरीचे शब्द घरात टिकतात. विचाराचे शब्द मात्र गुपचूप निघून जातात. रोज एक पान लिहिणाऱ्यास कोणत्या जागी मराठी शब्दाऐवजी दुसराच पुढे येतो, हे त्या दिवशीच कळते. जो वर्षातून एकदा स्फूर्तीने लिहितो, त्याला ही गळती कळते तेव्हा कोठार बहुधा रिकामे झालेले असते.

नेमाने लेखक मोठा होतोच, असे आम्ही म्हणत नाही. ट्रॉलपचे घड्याळ समोर ठेवून दुसरा ट्रॉलप घडत नाही. पण आपल्याजवळ सांगण्यासारखे किती आहे आणि किती नाही, याचा झाडा नेम रोजच्या रोज घेतो. लहर आपल्याला आपल्याविषयी भ्रमात ठेवू शकते. नेम ठेवू देत नाही. लेखकाच्या प्रामाणिकपणाचा आरंभ तेथूनच होतो.