भाषा इतक्या कशासाठी?

दिंडीत चालताना एकाच शब्दाची किती रूपे कानी पडतात! देशावरचा वारकरी ‘मला’ म्हणतो, वऱ्हाडातली माउली ‘मले’, खानदेशातली ‘माले’, तळकोकणातला ‘माका’. मागणे एकाकडेच. मग माणूस एक असता भाषा इतक्या कशासाठी? जगात आज सुमारे ७००० भाषा आहेत म्हणतात. एकच असती तर भांडणे मिटली असती, असे पुष्कळांना वाटते. पण सख्खे भाऊ एकाच भाषेत बोलून बांधावरून कोर्टात जातात, त्याचे काय?

भाषा कोणी ठरवून वेगळी करीत नाही. मध्ये डोंगर आला, नदी आली, येणेजाणे तुटले, की दोन्हीकडची लेकरे आपापल्या आयांचे ऐकून बोलू लागतात. उच्चार किंचित सरकतो, नव्या पिकाला नवा शब्द लागतो. अशा कित्येक पिढ्या गेल्या की भाषाच निराळी होते. महाराष्ट्री प्राकृताची मराठी अशीच झाली. डोंगराळ पापुआ न्यू गिनी या एका देशात आठशेहून अधिक भाषा आहेत. पण दुरावा हे अर्धेच कारण. माणूस ज्यांच्यात राहतो त्यांच्यासारखे बोलू पाहतो. परक्याला जी वेगळी भाषा वाटते, ती घरच्यांच्या जवळिकीतून आलेली असते.

आपल्या संप्रदायाला हे नवे नाही. आपल्या विठ्ठलाला संतांनी ‘कानडा’ म्हटले. पुरंदरदासांनी ‘पुरंदर विठ्ठल’ ही मुद्रा घालून कन्नडात पदे रचली. नामदेवरायांची ६१ पदे गुरुग्रंथसाहिबात आहेत. कुठेही देवाला दुभाष्या लागला नाही.

शके १२१२ मध्ये माउलींनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला, तेव्हा शास्त्राला संस्कृतच हवी असा दंडक होता. तो मानला असता तर आज आपल्या हाती पारायणाला काय असते? मग ज्याला ज्ञानेश्वरीचा अभिमान आहे, त्याने मेळघाटातल्या कोरकू बोलणाऱ्या लेकराला ‘नीट बोल’ म्हणून दटावावे, हे कोणत्या तोंडाने? बाजाराला, कचेरीला सामाईक भाषा लागते, हे खरेच. त्या लेकरालाही मराठी यावी. पण त्यासाठी घरातली भाषा गप्प करावी लागत नाही. आजीशी नातवाने तिच्या बोलीत बोलणे सोडले, की एका पिढीत ती संपते. मग तिने जात्यावर देवाला काय काय सांगितले, ते घरात कुणालाच कळत नाही.