शिंगराच्या बाजूने

घोडीला कोणता घोडा दाखवायचा, हा प्रश्न उत्तर जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या पैदासकारांच्या घराघरांत दर हिवाळ्यात निघतो. समोर घोड्यांच्या याद्या असतात, वंशावळी असतात, उडीचे आणि दुडक्या चालीचे व्हिडिओ असतात. वीर्य गोठवून जगभर पाठवता येत असल्याने मेलेला घोडाही निवडता येतो. प्रश्न पशुसंवर्धनाचा वाटतो आणि त्याची उत्तरेही त्याच भाषेत दिली जातात. मला मात्र तो आधी नीतीचा प्रश्न वाटतो. जो जीव अजून नाही त्याचा स्वभाव काय असावा, हे आपण आपल्या सोयीसाठी ठरवत असतो, आणि त्या जीवाला पुढे पंचवीस-तीस वर्षे तो स्वभाव घेऊन जगायचे असते. अशा निवडीत ‘हौशी स्वाराला झेपेल असे शिंगरू’ हे ध्येय अनेकांना कमीपणाचे वाटते, जणू मोठे स्वप्न परवडत नाही म्हणून पत्करलेली तडजोड. माझे म्हणणे उलट आहे. खेळासाठी घोडे जन्माला घालायचेच असतील, तर नीतीच्या कसोटीवर सर्वांत टिकणारे ध्येय हेच आहे. अट एकच, आणि ती कठीण आहे: त्या शिंगराचा शांतपणा त्याचा स्वतःचा असला पाहिजे. स्वाराला त्रास होऊ नये म्हणून त्याच्यावर लादलेला मुकेपणा त्या अटीत बसत नाही.

या पैदाशीचा इतिहास पाहिला की ध्येय कुठे भरकटले ते कळते. हानोव्हरच्या प्रदेशात त्सेल्ले येथे 1735 मध्ये दुसऱ्या जॉर्ज राजाने सरकारी अश्वशाळा काढली. तिथले नर घोडे शेतकऱ्यांच्या माद्यांना दाखवण्यासाठी होते. होणाऱ्या शिंगराने नांगर ओढावा, गाडीला चालावे आणि वेळ पडली तर पलटणीत जावे, एवढी अपेक्षा असे. घरातल्या कोणाच्याही हाताखाली जो वागत नाही तो घोडा शेतकऱ्याच्या कामाचा नव्हता, म्हणजे स्वभावाची परीक्षा रोजच्या कामातच होत होती. दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॅक्टर आले, घोडदळे संपली आणि ही पैदास खेळाकडे वळली. थरोब्रेड आणि ट्राकेनर या जातींचे रक्त मिसळून घोडे हलके, चपळ, लवचीक झाले. त्यातून फार सुंदर घोडे निपजले हे मान्य केलेच पाहिजे. पण बक्षीस आता नजरेत भरणाऱ्या चालीला मिळू लागले. जर्मनीत पैदाशीच्या घोड्याची पहिली निवड तो साधारण अडीच वर्षांचा असताना होते. तेव्हा तो मोकळा पळतो, मोकळा उडी मारतो, हाताने धरून दाखवला जातो, आणि त्याच्या पाठीवर स्वार बसलेला नसतो. पाठीवर माणूस असताना तो कसा वागेल, हे कळण्याआधीच त्याची किंमत चढलेली असते.

आणि या घोड्यांची शिंगरे जातात कुठे? ऑलिंपिकपर्यंत पोचणारे मूठभर असतात. बाकीची बहुतेक नोकरी सांभाळून संध्याकाळी तबेल्यात येणाऱ्या, मांड अजून पक्की नसलेल्या, हात कधी जड पडणाऱ्या माणसांकडे जातात. तिथे स्वभाव आणि कौशल्य जुळले नाही, तर पुढचे सगळे ओळीने येते. घोडा बुजतो, स्वार घाबरून लगाम आवळतो, तोंड दुखले म्हणून घोडा मान झुगारतो, मग कडक लगाम येतो, मग चाबूक, मग विक्री. नवा मालक, नवा तबेला, आणि ‘खोडकर’ हा शिक्का सोबत. जुळणीचे महत्त्व शिखरावरच्या घोड्यांनाही चुकत नाही. टोटिलास हा डच घोडा 2010 च्या जागतिक स्पर्धेत केंटकीला एडवर्ड गालच्या मांडीखाली 3 सुवर्णपदके जिंकला. त्याच वर्षी तो जर्मनीत विकला गेला, आणि नंतर कसलेला स्वार आणि सगळी साधने असूनही ती उंची त्याला परत गाठता आली नाही. तिथे ही गत, तर आठवड्यातून चार दिवस बसणाऱ्या माणसाचे काय सांगावे! घोड्याचे सुख त्याच्या चालीच्या गुणांवर फारसे अवलंबून नाही. त्याचा स्वभाव आणि त्याला मिळणारा माणूस यांच्यातल्या अंतरावर ते अवलंबून आहे. हे अंतर जन्माआधीच कमी करणे शक्य असेल, तर ते न करणे हा निष्काळजीपणा आहे.

यावर पहिला आणि सर्वांत बोचरा आक्षेप स्वातंत्र्याच्या बाजूने येतो. ज्याला आपण राबवणार त्याच्यात राबण्याची आवडच पेरायची, म्हणजे बेडी आवडणारा कैदी तयार करायचा. जबरदस्तीपेक्षा हे वाईट, कारण जबरदस्तीत निदान विरोध तरी उरतो. आक्षेप खरा आहे, आणि घोड्याच्या बाबतीत तो चार हजार वर्षे उशिरा आला म्हणून खोटा ठरत नाही. ‘नेचर’मध्ये 2021 साली प्रसिद्ध झालेल्या प्राचीन जनुकांच्या अभ्यासात आजच्या पाळीव घोड्याचे मूळ व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या गवताळ प्रदेशात सापडले. तिथून तो इसवी सनपूर्व 2200 च्या सुमारास झपाट्याने पसरला. माणसाच्या निवडीची सर्वांत ठळक खूण ज्या दोन जनुकांवर दिसली, त्यांतले एक पाठीच्या बळकटीशी आणि दुसरे मनाच्या स्थैर्याशी, भित्रेपणाशी निगडित असल्याचे संशोधकांचे मत आहे. म्हणजे ज्याला आपण घोडा म्हणतो तोच मुळी या निवडीतून घडला आहे. पण घडला म्हणून ते योग्य, असे म्हणता येणार नाही. खरे उत्तर वेगळ्या पुराव्यात आहे. सोव्हिएत शास्त्रज्ञ दिमित्री बेल्यायेव यांनी 1959 मध्ये नोवोसिबिर्स्कजवळ चंदेरी कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला. माणूस जवळ आल्यावर जे कोल्हे सर्वांत कमी घाबरत वा चावत, त्यांचीच पैदास पुढे चालवली. काही पिढ्यांत शेपूट हलवत माणसाकडे येणारे कोल्हे जन्मू लागले. त्याहून महत्त्वाचे हे की त्यांच्या रक्तातली ताणाची संप्रेरकेच कमी झाली होती. त्यांनी भीती गिळलेली नव्हती, ती त्यांच्यात मुळातच कमी होती. माणसांच्या जगातच ज्याला जगायचे आहे त्याला माणसाची भीती कमी वाटणे, हा त्या जीवाचाच फायदा आहे. कैद्याला बेडी आवडायला लावण्यात त्याचे इतर काही हित बुडते. शिंगरू कमी भित्रे असल्याने त्याचे कोणते हित बुडते, हे आक्षेप घेणाऱ्याने दाखवायला हवे.

एका परिस्थितीत ते दाखवता येते, आणि तिथेच ही निवड नाजूक होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात घोड्यांचे तीन स्वभाव सांगितले आहेत: तीक्ष्ण, भद्र आणि मंद. ज्याचा जो स्वभाव त्याप्रमाणे त्याला युद्धाचे किंवा स्वारीचे काम द्यावे, असा तिथला नियम आहे. आजच्या जाहिरातींत ‘हौशी माणसालाही चालेल’ असे लिहिताना यांतले भद्र आणि मंद सर्रास एक केले जातात. आपल्याकडेही गरीब घोडा म्हणताना दोन्ही अर्थ मिसळतात. भद्र घोड्याला सगळे जाणवते, तो दचकतो, पण लगेच सावरतो आणि काय आहे ते पाहायला पुढे येतो. मंद घोड्याला एक तर जाणवत नाही, किंवा जाणवूनही तो सांगत नाही. हा दुसरा प्रकार किती खरा आहे याचा पुरावा फ्रान्समध्ये रेन येथील संशोधकांनी 2012 मध्ये दिला. राइडिंग स्कूलमधल्या घोड्यांपैकी काही एकाच स्थितीत, मान पाठीच्या रेषेत, नजर स्थिर ठेवून उभे असत. आजूबाजूच्या गोष्टींना आणि स्पर्शाला ते इतरांपेक्षा कमी प्रतिसाद देत. संशोधकांनी ही अवस्था माणसाच्या नैराश्याशी ताडून पाहिली. शिकाऊ स्वाराला असा घोडा अगदी सोयीचा वाटेल. ब्रिटनमधल्या पशुवैद्य स्यू डायसन यांनी स्वार पाठीवर असताना दिसणाऱ्या 24 लक्षणांची यादी केली: शेपूट झटकणे, कान मागे पाडणे, तोंड उघडणे, अडखळणे अशी. त्यांतली 8 किंवा अधिक दिसली तर घोड्याच्या हाडा-स्नायूंत वेदना असण्याची दाट शक्यता असते. तबेल्यात ज्याला आपण नाठाळपणा म्हणतो तो अनेकदा घोड्याचा बोलण्याचा एकमेव मार्ग असतो. तो मार्गच पैदाशीतून पुसून टाकला, तर दुखत असूनही चालत राहणारा प्राणी आपण निर्माण करू. स्वातंत्र्याचा आक्षेप या घोड्याबाबत पूर्ण लागू पडतो, आणि तिथे मी तो विनातक्रार स्वीकारतो.

म्हणून पैदाशीचा घोडा पाहताना ‘तो काही करत नाही’ हे प्रशस्तिपत्र पुरेसे समजू नये. त्याची घाबरल्यानंतरची पाच मिनिटे पाहावीत. जर्मन चाचण्यांत अनोळखी स्वाराला घोड्यावर बसवून तो कसा वाटला याचे गुण देतात, ही पद्धत मला फार मोलाची वाटते. त्या गुणांना चालीच्या गुणांइतकाच मान हवा. त्याहून भरवशाचा पुरावा म्हणजे त्या घोड्याची वाढलेली मुले. ती कोणाकडे आहेत, त्यांच्यावर कोण बसते, दहाव्या-बाराव्या वर्षी त्यांचे पाय धड आहेत का, ती किती वेळा विकली गेली. चार वर्षांच्या देखण्या घोड्याबद्दल यातले काहीच कळू शकत नाही. स्वतः घोडा कसलेल्या माणसांच्या हाती असतो आणि तिथे बराचसा उग्रपणा झाकला जातो. शिंगराचा अर्धाच वारसा त्याच्याकडून येतो, हेही लोक सोयीस्करपणे विसरतात. उग्र घोडीचा स्वभाव शांत घोडा ‘दुरुस्त’ करील ही आशा तर फारच धोक्याची. शिवाय घोडी नुसते रक्त देत नाही. रेनमधल्याच आधीच्या एका प्रयोगात, 2005 मध्ये, जन्मानंतरच्या पहिल्या पाच दिवसांत शिंगराला हातही न लावता त्याच्या आईला प्रेमाने खरारा केला गेला. ती शिंगरे वर्षभरानंतरही माणसाजवळ इतरांपेक्षा निर्धास्तपणे येत होती. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेताना आपली माणसे अंगावरचे भोवरे पाहतात आणि शुभाशुभ ठरवतात. भोवऱ्याने स्वभाव कळतो असे मला वाटत नाही. पण घोडा घरात येतो तेव्हा त्याच्या नशिबाशी आपले नशीब बांधले जाते, ही त्यामागची जाणीव मात्र युरोपातल्या लिलावमंडपातही असायला हवी होती.

दुसरा आक्षेप तत्त्वज्ञांचा आहे आणि तो टाळण्यासारखा नाही. इंग्रज तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट यांनी 1984 च्या ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या ग्रंथात दाखवून दिले की, कोण जन्माला येणार हेच ज्या निवडीवर ठरते, त्या निवडीने जन्मलेल्याचे नुकसान झाले असे म्हणणे अवघड जाते. तापट घोड्यापासून झालेल्या शिंगराने कशाची तक्रार करावी? दुसरा घोडा निवडला असता तर त्याच्या जागी दुसरेच शिंगरू जन्मले असते. त्याचे आयुष्य अगदीच असह्य नसेल, तर त्याच्यावर अन्याय कोणता? हा युक्तिवाद पैदासकाराला मोकळे सोडतो असे वाटेल. पण त्यातून निघते ते इतकेच की चुकीला नेहमी तक्रार करणारा लागतो, ही आपली समजूत अपुरी आहे. वॉर्मब्लड म्हणजे खेळासाठीच्या या घोड्यांत फ्रजाइल फोल सिंड्रोम नावाचा आनुवंशिक रोग आहे. त्यात शिंगराची कातडी जरा घासली तरी फाटते, सांधे सैल असतात आणि ते जन्मल्यावर लवकरच मरते. दोष वाहणारे घोडा-घोडी स्वतः निरोगी दिसतात. दोघेही वाहक असतील, तर होणाऱ्या प्रत्येक शिंगराला हा रोग असण्याची शक्यता चारात एक. 2013 पासून याची जनुकीय तपासणी उपलब्ध आहे. आज कोणी तपासणी न करता दोन वाहकांची जोडी लावली आणि नशिबाने निरोगी शिंगरू झाले, तर त्या शिंगराची काहीच तक्रार नाही. तरी ती जोडी लावणे चूक होते, याबद्दल कोणाला शंका वाटेल असे मला वाटत नाही. दोष निवडणाऱ्याच्या वृत्तीत आहे: हाताशी असलेले ज्ञान त्याने त्या जिवासाठी वापरले नाही. स्वभावाचे ज्ञान इतके नेमके नसते, तिथे शक्यता असतात, पण कर्तव्याचे स्वरूप तेच राहते.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना आणि माझ्या मते सर्वांत बलवान आहे. मुळात हे करायचेच कशाला? जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात अहिंसाव्रताचे पाच अतिचार, म्हणजे दोष, सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. श्रावकाने, म्हणजे जैन गृहस्थाने, टाळायच्या पंधरा व्यवसायांत प्राण्यांना खच्ची करणे वा त्यांच्या अंगांना छेद देणे हेही येते. खेळासाठी जन्मलेली बहुतेक नर शिंगरे खच्ची केली जातात, आणि हौशी स्वाराला तर तसाच घोडा हवा असतो. कोल्हापूर-सांगलीकडच्या जैन शेतकरी घरांना बैलाच्या रूपाने हा पेच परका नाही. शेत कसायचे तर बैल लागे, पण इथे तर पोटाचाही प्रश्न नाही, निव्वळ हौस आहे. भूल देऊन, पशुवैद्याच्या हातून हे केले तर वेदना कमी होते, पण व्रताचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. ‘पैदास थांबली तर ही घोड्यांची जातच नाहीशी होईल’ हे उत्तर मला कमकुवत वाटते, कारण जो जन्मलाच नाही त्याचा जन्मण्याचा हक्क डावलला असे होत नाही. याचा अर्थ पैदास करणाऱ्यावरच सारा भार येतो. जन्म न देण्याने कोणाचे काही बिघडत नाही आणि देण्याने बिघडू शकते, म्हणून जन्म देण्यासाठीच कारण लागते. बऱ्यापैकी सुखाचे आयुष्य होण्याची खरी शक्यता, हे एकच कारण मला पुरेसे वाटते. ती शक्यता स्वभाव, पाय आणि माणूस या तिघांवर उभी असते. म्हणून भद्र घोडा, निरोगी घोडी, आणि विकल्यानंतरही गरज पडली तर परत घेण्याची तयारी, इतके नसेल त्या पैदासकाराने घोडी त्या वर्षी रिकामी ठेवावी. स्वतःच्या स्वारीसाठीच शिंगरू हवे असलेल्या माणसाने तर आधी तबेल्यांत चौकशी करावी. त्याला हवा तसा घोडा बहुधा कधीच जन्मलेला असतो, चार मालक बघून झालेला असतो, आणि त्याच्यासाठी नवा जीव घडवण्याची गरज नसते.