हात कोणाचा?

ॲडम स्मिथच्या लेखनात ‘अदृश्य हात’ अवघा तीनदा येतो. त्यातला एक बाजाराचा नाहीच, तो ज्युपिटर देवाचा आहे. खगोलशास्त्राच्या इतिहासावरच्या, स्मिथच्या मृत्यूनंतर १७९५ मध्ये छापलेल्या निबंधात तो भेटतो. आग जाळते, जड वस्तू खाली पडते, यात प्राचीन माणसाला देवाची करणी दिसली नाही, असं स्मिथ म्हणतो. वीज कडाडली, वादळ उठलं, की मात्र त्याला ज्युपिटर आठवायचा. जे रोजचं नाही, ज्याचं कारण सापडत नाही, त्याच्यामागे माणूस हात कल्पितो. हे निरीक्षण करणाऱ्याच्याच नावावर पुढे जगाने एक हात खपवावा, याची मला गंमत वाटते.

१७५९ च्या ग्रंथात हा हात श्रीमंत जमीनदारांना चालवतो, १७७६ च्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये एका व्यापाऱ्याला. हा व्यापारी मुळात धास्तावलेला आहे. परदेशात पैसा गुंतवावा तर माल नजरेआड, तिथला माणूस अनोळखी, कायदाही परका. म्हणून तो भांडवल मायदेशातच लावतो, जिथे नफा अधिक तिथे लावतो, आणि मनात नसताना देशाचं उत्पन्न वाढवून बसतो. आज भांडवलाने जगभर मोकाट फिरावं असं सांगणारे याच उताऱ्याची साक्ष काढतात. व्यापाऱ्याची ती धास्ती मात्र गाळून.

दोन्ही ठिकाणी स्मिथच्या वाक्याचा कर्ता माणूस आहे. हात त्याला नेतो, पण करतो तो माणूसच. विसाव्या शतकात, विशेषतः पॉल सॅम्युएल्सनचं १९४८ चं पाठ्यपुस्तक वर्गावर्गांत पोचल्यावर, हा शब्दप्रयोग अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यात जाऊन बसला. आता इंग्रजी वृत्तपत्रांत हातच कर्ता झाला आहे. तो किमती ठरवतो, कारखाने बंद पाडतो, आळशांना अद्दल घडवतो. टाळं लावण्याचा ठराव ज्या बैठकीत झाला, तिथल्या माणसांची नावं बातमीत नसली तरी चालतं.

कोणी सरकार पाडलं, की याच इंग्रजीत त्यामागे ‘अदृश्य हात’ शोधणारेही असतात. हा अर्थ अगदी उलटा. एकाचं म्हणणं, योजना कोणाचीच नव्हती; दुसऱ्याचं, योजना होती पण दडवलेली. तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिकने १९७४ मध्ये या दोन प्रकारच्या स्पष्टीकरणांना निरनिराळी नावं दिली, पण ती तत्त्वज्ञांपुरतीच राहिली. कारस्थान हुंगत फिरणारा बहुतेक वेळा चुकतो, हे खरं. पण हाताचा धनी कोण, एवढं तरी तो विचारतो.

स्मिथही विचारत असे. मजुरी वाढू नये म्हणून मालक आतून एक असतात, हे त्याने सरळ लिहिलं. १७७० च्या बंगालच्या दुष्काळाबद्दलही तो मोघम बोलला नाही. अवर्षणाने टंचाई आली होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांनी तांदळाच्या व्यापारावर घातलेल्या निर्बंधांनी तिचा दुष्काळ व्हायला हातभार लावला असावा, असं त्याचं मत. हा युक्तिवाद खुल्या व्यापाराच्याच बाजूचा आहे. तरीही त्यात दोष नियतीवर नाही आणि बाजारावरही नाही. निर्बंध कोणी घातले, ते तिथे लिहिलेलं आहे.