पेला फोडणारी बाई

सॅम्युअल जॉन्सनची ‘रासेलस’ ही कादंबरी १७५९ची. नव्वदीला टेकलेली त्याची आई त्या जानेवारीत लिचफिल्डला वारली. तिच्या अंत्यविधीचा खर्च आणि किरकोळ देणी भागवण्यासाठी जॉन्सनने आठवडाभर संध्याकाळी बसून पुस्तक हातावेगळं केलं, असं त्याचा चरित्रकार बॉझवेल सांगतो. मराठीत ते आणायला कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी घेतलं आणि पुरं केलं त्यांच्या मुलाने, विष्णुशास्त्र्यांनी. वर्गात आम्हाला त्याचं सार चार शब्दांत मिळालं: सुख कुणालाच सापडत नाही. परीक्षेपुरतं तेवढं बास. मला मात्र त्यातली एक मोलकरीण डोक्यातून जात नाही.

रासेलस अ‍ॅबिसिनियाचा राजपुत्र. डोंगरांनी कोंडलेल्या दरीत राहतो. तिथे मागेल ते मिळतं. पंचविशी ओलांडताच त्याला करमेनासं होतं. बाहेर पडायचं ठरवतो आणि वीस महिने मनोराज्यात घालवतो. एकदा तर अनाथ मुलीला लुबाडून पळणाऱ्या काल्पनिक भामट्यामागे खरोखरच धावत सुटतो, ते थेट डोंगराच्या पायथ्याशी येऊन अडतो. वेळ फुकट गेला हे तेव्हा कळतं, आणि त्या हळहळीत आणखी चार महिने जातात. मग कुणा मोलकरणीच्या हातून चिनी मातीचा पेला फुटतो. जे सांधता येत नाही त्याचं दुःख कशाला, अशा अर्थाचं काहीतरी ती बोलून जाते. हे आपल्याला कसं सुचलं नाही म्हणून राजपुत्र चरफडतो आणि कामाला लागतो.

त्या बाईला जॉन्सनने नाव दिलेलं नाही. तिचं काम एका वाक्यात संपतं.

दरीतून निसटल्यावर रासेलस, बहीण नेकाया आणि कवी इमलाक कैरो गाठतात. भाऊ दरबार तपासतो, बहीण घरं. मेंढपाळ झाले, एकांतात राहणारा साधू झाला. विकारांवर ताबा ठेवा म्हणून व्याख्यानं देणारा तत्त्वज्ञ भेटतो. मुलगी तापाने गेल्यावर त्याचाच ताबा सुटतो. सगळ्यांची तोंडी परीक्षा होते, सगळे नापास. पेला फोडणारीला मात्र कुणी विचारलेलंच नव्हतं, की बाई, तू हे कुठे शिकलीस? माझ्या मते ‘रासेलस’मधली खरी गंमत इथे आहे. सुखाच्या शोधाला निघालेल्यांना नड भागते ती अशा माणसांकडून, जी शोधाला निघालेलीच नाहीत.

पेकुआचंच बघा. नेकायाची ही सखी भिऊन पिरॅमिडमध्ये शिरत नाही, बाहेर थांबते, आणि अरब तिला पळवतात. सुटकेसाठी दोनशे औंस सोनं मोजावं लागतं. कैदेत त्यांचा अरब म्होरक्या तिला तारे दाखवतो. फारसं मन नसताना ती थोडंफार शिकते. पुढे ऊन-पाऊस आपल्याच हुकमाने चालतात असं मानणारा एक विद्वान खगोलवेत्ता भेटतो. त्याचं गुपित इमलाकला कळलेलं असतं, उपाय सुचत नसतो. पेकुआ त्या तुटपुंज्या विद्येच्या निमित्ताने नेकायासोबत त्याच्याकडे जाऊ-येऊ लागते. गप्पा रंगतात, त्याला माणसांची सवय होते आणि भ्रम सैल पडतो.

शेवटी नाईलच्या पुरामुळे सगळे घरात अडकतात आणि ज्याची त्याची इच्छा सांगतात. रासेलसला छोटंसं राज्य हवंय, पण त्याची हद्द मनातल्या मनात वाढतच जाते. पेकुआला संत अँथनीच्या मठात मुख्य व्हायचंय. अरबाने तिला परत आणून सोडलं, ते याच मठात.