उरलेल्या लाकडाचा धनी कोण?

अलिबाग-रेवदंड्याकडे सुताराजवळ दारेखिडक्या करताना सागाच्या व फणसाच्या पट्ट्या उरतात. त्या सर्वांच्या रेषा एका दिशेस ठेवून जोडाव्या. नाहीतर किनाऱ्याच्या दमट हवेने लाकूड फुगून सांधा उकलतो. मग रंधा मारला म्हणजे एक पट्टी तपकिरी, एक पिवळी, असा भाजी चिरण्याचा सुरेख पाट होतो.

परंतु, वाचकहो, लाकूड गिऱ्हाइकाने आणून दिले असल्यास हा पाट कोणाचा? सुतार म्हणेल, "टाकाऊ होते, श्रम माझे." खरे, पण श्रमाने मजुरीचा हक्क येतो, लाकडाचा नव्हे. टाकाऊ काय, हे धन्याने ठरवावयाचे. म्हणून आधी विचारावे. धन्यानेही चार तुकड्यांसाठी हात आखडू नये. न विचारता केलेला पाट कितीही सुबक असला, तरी तो धन्यापासून लपवावा लागतो. आणि जे लपवावे लागते ते आपले नव्हे.